नावं सहा, घरं दोन : ‘कर्णिका’ बोटीचं प्रकरण

‘कर्णिका’ ही प्रवासी बोट एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत सेवेत आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर मोडायला चढवली गेली. मधे जेमतेम दीड वर्ष. बोट तेव्हा तीस वर्षांची होती आणि मुंबईला येण्याआधी तिने दुसऱ्या पाच नावांनी अर्धं जग पालथं घातलं होतं. तिची एक जुळी बहीण होती : तीच गोदी, तोच नकाशा, वर्षभराचं अंतर. त्याच हिवाळ्यात तीही भंगाराच्या वाटेला लागली होती, पण वाचली आणि २०२२ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन निघाली. एकाच पॅटर्नवरची (साच्यावरची) दोन कास्टिंगं (ओतीव वस्तू); एक भंगारात जातं आणि दुसरं कामावर राहतं, ते का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीतल्या कारखानदारांच्या आमच्या अभ्यासगटात मी हे प्रकरण मुद्दाम ठेवलं. गटातल्या प्रत्येकाने कधी ना कधी जुनं मशिन घेतलेलं आहे. सौद्याला गेलो की आपण स्पिंडलचा आवाज ऐकतो, बेड किती घासलाय ते हात फिरवून बघतो, पॅनल उघडून वायरिंग तपासतो. विकणारा का विकतोय आणि घेतल्यावर आपल्या मागं कोण उभं आहे, हे दोन प्रश्न मात्र चहाच्या कपाबरोबर संपतात. ‘कर्णिके’च्या बाबतीत लोखंडापेक्षा हेच दोन प्रश्न महागात पडले असं माझं मत आहे. गटातल्या सगळ्यांना ते पटलं नाही, तेही पुढे येईलच.

आपल्यातले काहीजण या बोटीवर जाऊन आलेले आहेत. कोल्हापुरातून रात्रभर बसने मुंबई गाठायची, तिथून बोटीत बसायचं आणि समुद्रमार्गे उतरायचं कुठं, तर गोव्याला! गोवा आपल्याला घाट उतरला की आहे. पण हौसेला मोल नसतं, आणि त्या हौसेवरच हा धंदा उभा असतो, म्हणून हसण्यात अर्थ नाही.

बोट काय होती

ही बोट मूळ सिटमार या कंपनीने मागवली. सिटमार इटालियन वळणाची, व्लासोव्ह या रशियन स्थलांतरित घराण्याची कंपनी. १९८७ मध्ये बोरिस व्लासोव्ह वारले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, ब्रिटनच्या पी अँड ओने सिटमार विकत घेतली. त्या वेळी इटलीतल्या मोनफाल्कोने इथल्या फिनकांतिएरीच्या गोदीतली दोन मोठ्या बोटींची ऑर्डर सौद्याबरोबर आली. म्हणजे बोट पाण्यात पडण्याआधीच तिचा मालक बदलला होता. पी अँड ओकडे १९७४ पासून प्रिन्सेस क्रूझेस ही अमेरिकी कंपनी होती. दोन्ही बोटी तिच्या नावावर गेल्या. थोरली १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ झाली, धाकटी १९९१ मध्ये ‘रीगल प्रिन्सेस’. थोरलीच्या नामकरणाला सोफिया लॉरेन आल्या होत्या, धाकटीच्या नामकरणाला मार्गारेट थॅचर. पाहुण्यांची निवड बघूनच कळतं, की त्या काळी या बोटी म्हणजे मिरवायची वस्तू होती.

बाह्यरूप रेन्झो पियानो यांचं. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राचे दोन प्रमुख वास्तुकार होते, त्यातले हे एक. त्यांनी बोटीचा पुढचा भाग डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलसर केला आणि वर घुमट ठेवला. शेवटच्या दिवसापर्यंत, अंगावर कुठलाही रंग असो, ही बोट त्या कपाळावरून ओळखू येत होती. लांबी २४५ मीटर, रुंदी सव्वाबत्तीस मीटर. रुंदीचा हा आकडा पनामा कालव्याने ठरवला : जुन्या दरवाजांतून यापेक्षा फारशी रुंद बोट जाऊ शकत नसे. इंजिनं थेट पंखा (प्रोपेलर) फिरवत नव्हती. डिझेलवर वीज तयार करायची आणि विजेवर मोटर चालवायची, अशी रचना. क्षमता सुमारे ७० हजार जीटी (ग्रॉस टनेज).

या जीटीवर गटात पहिली गाडी अडली. शिरोलीतले एक फौंड्रीवाले अण्णा म्हणाले, “सर, सत्तर हजार टन लोखंड म्हंजे थट्टा हाय काय! माझी भट्टी किती वरसं चालंल त्याच्यावर?” जीटीत ‘टन’ असा भास असतो, पण ते वजन नव्हे. बोटीतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. प्रवासी बोट म्हणजे दहा-बारा मजल्यांची पोकळ इमारत, त्यामुळे तिचा जीटी आकडा फुगलेला दिसतो. भंगाराचा सौदा होतो तो एलडीटीवर, म्हणजे इंधन, पाणी, माल, माणसं सगळं उतरवल्यावर रिकाम्या बोटीचं जे वजन उरतं त्यावर. ते वजन जीटीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी भरतं. अण्णांचा उत्साह थोडा ओसरला, पण ते गप्प बसले नाहीत.

आणखी एक गोष्ट इथंच सांगतो, कारण नावांच्या गोंधळात तिचाच आधार आहे. समुद्रातल्या प्रत्येक मोठ्या बोटीला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो. ही पद्धत १९८७ मध्ये ठरली आणि १९९६ पासून सक्तीची झाली. नाव बदलो, झेंडा बदलो, मालक बदलो, क्रमांक बदलत नाही. या बोटीचा क्रमांक ८५२१२२०. त्यात एक गंमत आहे : पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. ५६ अधिक ३० अधिक १० अधिक ४ अधिक ६ अधिक ४ म्हणजे ११०. बेरजेचा शेवटचा आकडा शून्य, आणि क्रमांकाचाही सातवा आकडा शून्य. बहिणीचा क्रमांक ८५२१२३२. तिची बेरीज ११२ येते, म्हणून शेवटी २. क्रमांक लिहिताना आकडा चुकला तर बहुतेक वेळा बेरीज जुळत नाही. जुन्या वस्तूची कागदपत्रं बघताना अशी एक तरी न बदलणारी खूण हातात असली की निम्मी फसवणूक तिथंच टळते.

नावांची यादी आणि मालकांची यादी

बोटीचा इतिहास सांगताना लोक नावं मोजतात. १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’, २००२ मध्ये ‘अरोझा ब्लू’, २००४ मध्ये ‘आयडा ब्लू’, २००७ मध्ये ‘ओशन व्हिलेज टू’, २००९ मध्ये ‘पॅसिफिक ज्युएल’, २०१९ मध्ये ‘कर्णिका’. सहा नावं. ही यादी वाचली की वाटतं, बिचारी पाच वेळा विकली गेली.

आता मालकीत खरोखर काय झालं त्याची दुसरी यादी करू. १९८८ मध्ये सिटमारकडून पी अँड ओकडे, बोट अजून गोदीत असताना. २००० मध्ये पी अँड ओने क्रूझचा सगळा धंदा वेगळा काढला, तो पी अँड ओ प्रिन्सेस. २००३ मध्ये ती कंपनी अमेरिकेच्या कार्निवलशी जोडली गेली. २०१९ मध्ये बोट भारतीय कंपनीकडे. २०२० मध्ये लिलाव.

दोन्ही याद्या शेजारी ठेवा. सामाईक साल एकच निघतं : २०१९. बाकी जेव्हा जेव्हा नाव बदललं तेव्हा बोट विकली गेली नव्हती, आणि जेव्हा मालकी हलली तेव्हा नाव तेच होतं. १९९० ते २०१९ या सगळ्या काळात बोट एकाच घरात होती. त्या घराची वाटणी झाली, सोयरीक झाली, पण बोट दाराबाहेर गेली नाही. तिला फक्त या सोप्यातून त्या सोप्यात हलवली जात होती.

आणि प्रत्येक वेळी हलवण्याला कारण होतं. बोटीवर सुमारे ८०० केबिन, त्यातल्या बाल्कनीच्या पाव भागाच्याही आत. १९९० मध्ये एवढ्या बाल्कन्या म्हणजे चैन. पण १९९८ मध्ये प्रिन्सेसनेच १ लाख ९ हजार जीटीची ‘ग्रँड प्रिन्सेस’ आणली आणि अमेरिकी गिऱ्हाईक बाल्कनीला सोकावलं. आठ वर्षांत ही बोट आपल्याच घरात जुनी दिसू लागली. इंजिन ठणठणीत, सांगाडा मजबूत, फक्त समोरचं गिऱ्हाईक बदललेलं. मग ती विकायची का? नाही. जिथं बाल्कनीवाचून अडत नाही असा बाजार शोधायचा.

तो सापडला जर्मनीत. २००२ मध्ये ‘अरोझा’ हा नवा ब्रँड काढून बोट तिकडं धाडली. त्याच सुमारास वर पालकांची मोठी झोंबी चालू होती : प्रिन्सेस आधी रॉयल कॅरिबियनशी एक व्हायची ठरली होती, कार्निवलने मधे उडी मारून ती आपल्याकडं ओढली. जर्मन गिऱ्हाइकासाठी अरोझा आणि आयडा असे दोन ब्रँड प्रिन्सेसच्या घरात आधीपासूनच होते; सोयरीक झाल्यावर त्यातला एकच ठेवायचं ठरलं. अरोझाच्या नदीवरच्या बोटी विकल्या, ही समुद्रातली बोट आयडाच्या ताफ्यात घातली. २००४ मध्ये ती ‘आयडा ब्लू’ झाली आणि त्या डॉल्फिनच्या कपाळाखाली आयडाच्या पद्धतीप्रमाणे लालभडक ओठ आणि डोळे रंगवले गेले. रेन्झो पियानोंना काय वाटलं असेल कोण जाणे.

२००७ मध्ये आयडाकडं कोऱ्या बोटी यायला लागल्या, तशी ही ब्रिटनला गेली. तिथं कार्निवलचा ‘ओशन व्हिलेज’ हा बिनटायचा, तरुण प्रवाशांसाठीचा ब्रँड होता. डेकवर सर्कशीचे खेळ वगैरे. २००८ मध्ये मंदी आली. ओशन व्हिलेज गुंडाळायचं ठरलं. त्याच वेळी ऑस्ट्रेलियात क्रूझची मागणी वाढत होती, आणि तिथला पी अँड ओ ब्रँडही याच घरातला. २००९ च्या डिसेंबरात बोट सिडनीत ‘पॅसिफिक ज्युएल’ म्हणून उभी राहिली. सर्कसही बरोबर नेली. ‘क्राउन प्रिन्सेस’नंतर हेच नाव सगळ्यात लांब चाललं, नऊ वर्षांहून जास्त.

इथं गटातला एक तरुण मुलगा, गोकुळ शिरगावला त्यांचं मशिन शॉप आहे, म्हणाला, “म्हणजे ब्रँड मेला, पण बोट मेली नाही.” मला वाटतं या भागाचं सार त्यानेच काढलं. अरोझाचा समुद्रातला धंदा बंद पडला, ओशन व्हिलेज बंद पडलं. दोन ब्रँड या बोटीच्या हाताखाली संपले. दोन्ही वेळी बोटीला दुसऱ्या दिवशी काम होतं, कारण वरच्याकडं दुसरा देश, दुसरा ब्रँड, दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. नावाची पाटी मात्र लगेच दुसऱ्याला लागे. २००६ मध्ये कोरी ‘क्राउन प्रिन्सेस’ आली, २०१० मध्ये कोरी ‘आयडा ब्लू’ आली.

दाराबाहेर

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पी अँड ओ ऑस्ट्रेलियाने ‘पॅसिफिक ज्युएल’ ताफ्यातून काढत असल्याचं जाहीर केलं. घेणारी कंपनी झेन क्रूझेस. ब्रँडचं नाव जलेश. पाठीशी एस्सेल समूहाचे सुभाष चंद्रा. मुंबईत घर असलेली, भारतीय प्रवाशासाठीची मोठी क्रूझ, जैन जेवणापासून गरब्यापर्यंत सगळी सोय, ही कल्पना चुकीची होती असं मला अजिबात वाटत नाही. बोट भरायला माणसं होती. आपलेच लोक गेले होते की!

पण सौदा कसा होता ते बघा. विकणाऱ्याने एकोणतीस वर्षांत या बोटीला घरातल्या घरात पाच बाजार दाखवले होते. सहावा त्याच्याकडं नव्हता. म्हणजे बोट बाहेर काढण्याचा निर्णय लोखंड थकलं म्हणून नव्हता. घरातला कुठलाही ब्रँड तिला आता घ्यायला तयार नव्हता म्हणून होता. ही माहिती कुठल्याही सर्व्हे रिपोर्टात येत नाही. घेणाऱ्याला ती विकणाऱ्याच्या वागण्यावरून ओळखावी लागते.

दुसरं, वय. मोठ्या बोटींचा सखोल सर्व्हे पाच-पाच वर्षांच्या फेऱ्याने येतो. १९९० ची बोट म्हणजे हिशेबाने २०२० च्या आसपास तिशीचा सर्व्हे. तिशीतल्या बोटीची पत्र्यांची जाडी मोजणं, पाइप बदलणं, सुकी गोदी, हा खर्च विशीतल्या बोटीसारखा नसतो. तिसरं, इंधन. १ जानेवारी २०२० पासून जगभर बोटींच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. धुराड्यात धूर धुणारी यंत्रणा नसेल तर महाग इंधन घ्यायचं. चौथं, आपला पश्चिम किनारा. पावसाळ्यात मुंबई-गोवा सफर करायला कोण बसणार? एका बाजाराला वर्षातले तीन-चार महिने कुलूप, आणि बोटीला मात्र जनरेटर, खलाशी, विमा बारा महिने.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात वजनदार वाटतं. २०१९ च्या जानेवारीत, बोट मुंबईला येण्याच्या तीन महिने आधी, सुभाष चंद्रांनी कर्जदात्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं होतं. समूहावर कर्जाचा ताण आहे हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. क्रूझच्या धंद्याचा त्या ताणाशी किती आणि कसा संबंध होता यात मी शिरत नाही. मुद्दा इतकाच, की वाईट दिवस आला तर आधार द्यायचं ते घर त्या दिवशी स्वतःच आधार शोधत होतं. कंपनीकडं बोट एकच. दुसरा देश नाही, दुसरा ब्रँड नाही.

वाईट दिवस यायला वर्षही लागलं नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जगातली क्रूझ थांबली. ‘कर्णिका’ मुंबईजवळ नांगर टाकून राहिली.

बोटीवरचा खटला

समुद्री कायद्यात एक गोष्ट जमिनीवरच्या कायद्यापेक्षा वेगळी आहे. इथं दावा माणसावर किंवा कंपनीवरच लावावा लागतो असं नाही, तो थेट बोटीवर लावता येतो. ज्याचं येणं थकलेलं असतं तो घेणेकरी उच्च न्यायालयात जातो, बोट जप्त होते, बंदर सोडून हलता येत नाही. आपल्याकडं यासाठी २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आहे, तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. पैसे वाटताना क्रमही त्यात ठरलेला : बोटीवर सागरी धारणाधिकार (थेट बोटीवरच बसणारा हक्क) असलेली देणी आधी, त्यांतही सगळ्यात वर खलाशांची पगारबाकी; त्यानंतर गहाणवट; बाकीची देणी मग. बँकवाले ऐकून नेहमी दचकतात. आपण ज्यावर गहाणखत केलं त्या वस्तूच्या विक्रीत खलाशी आपल्या पुढं उभा असतो.

‘कर्णिके’वर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जप्ती आली आणि न्यायालयामार्फतच ती विकली गेली. अशा खटल्यात निकाल लागेपर्यंत थांबणं परवडत नाही, कारण उभी बोट रोज खाते. इंजिन बंद असलं तरी दिवे, पंप, आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवावी लागते, त्यासाठी माणसं लागतात, त्यांना खायला लागतं. म्हणून आधी विक्री, पैसे कोर्टात जमा, मग वाद. घेणाऱ्याच्या दृष्टीने या विक्रीत मोठा फायदा असा, की बोट सगळ्या जुन्या बोज्यांतून मोकळी होऊन मिळते. जुनं देणं नव्या मालकाच्या मागं लागत नाही.

फक्त ही विक्री २०२० च्या शरदात झाली. जगातल्या सगळ्या क्रूझ कंपन्या बोटी कमी करत होत्या. प्रवासी वाहतूक कधी सुरू होईल कुणाला ठाऊक नव्हतं. तिशीची, कमी बाल्कन्यांची बोट चालवायला कोण घेणार? लिलावात वरचा भाव भंगाराचा निघणार हे उघड होतं. कोर्टाचं काम घेणेकऱ्यांना जास्तीत जास्त पैसे मिळवून देणं. बोट जगवणं हे त्याचं काम नाही. ऑक्टोबरात जलेशने काम थांबवल्याचं सांगितलं, नोव्हेंबरात बोट अलंगला.

अण्णांचा पुढचा प्रश्न अर्थात तिथलाच. अलंग भावनगर जिल्ह्यात, खंबातच्या आखातावर. तिथं भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत सुमारे दहा मीटरचा फरक पडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोट आपल्याच इंजिनाच्या जोरावर किनाऱ्यावर घुसवतात. पाणी ओसरलं की ती चिखलात बसते. मग पुढून गॅसकटरने तुकडे पाडत जायचं, हलकी होईल तशी विंचने वर ओढत राहायचं. तेलवाहू बोटीत जाड पत्रा जास्त, म्हणून तिचं लोखंड मोडायला सोपं. क्रूझ बोटीत पातळ पत्रा, पार्टिशन, वायरी, गालिचे, फर्निचर. मोडणाऱ्याला काम जास्त. भरपाई अशी, की सामान विकता येतं. त्रापजहून अलंगला जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, तिकडं त्यांना ‘खाडा’ म्हणतात. बोटीवरचे सोफे, कपबश्या, स्वयंपाकघरातली स्टीलची टेबलं, सगळं तिथं मांडलेलं असतं.

“आन् लोखंड?” अण्णा. चांगल्या पत्र्याचं लोखंड वितळवत नाहीत. सिहोर-भावनगरच्या रोलिंग मिलमध्ये तापवून लाटतात, सळ्या होतात. आपल्या भट्टीला लागतो तसा सीआरसीचा (थंड लाटलेल्या पातळ पत्र्याच्या कात्रणांचा) गठ्ठा त्यातून निघत नाही. वर त्यावर रंगाचे थर. “मग आपल्या कामाचं काय न्हाईच की त्यात.” आहे, पंखा आहे. बोटीचा पंखा निकेल-ॲल्युमिनिअम ब्राँझसारख्या मिश्रधातूचा ओतलेला असतो आणि किलोला लोखंडाच्या कित्येक पट भाव घेतो. हे ऐकल्यावर अण्णांनी वहीत पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

बहीण

आता धाकटी. ‘रीगल प्रिन्सेस’ २००७ पर्यंत त्याच नावाने राहिली, मग ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक डॉन’ झाली. दोघी बहिणी काही वर्षं एकाच ताफ्यात होत्या. तिला २०१९ मध्ये ब्रिटनच्या सीएमव्ही (क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस) कंपनीने घ्यायचं ठरवलं होतं, नाव ‘एमी जॉन्सन’ ठेवायचं होतं. जुलै २०२० मध्ये सीएमव्हीच बुडाली. सौदा मोडला. (याच कंपनीच्या ‘मार्को पोलो’, ‘मॅगेलन’ आणि ‘कोलंबस’ या तिन्ही बोटी २०२१ मध्ये अलंगला आल्या. त्यातली ‘कोलंबस’ म्हणजे सिटमारनेच मागवलेली आणखी एक बोट. एका घराण्याच्या ऑर्डरबुकातल्या दोन बोटी सहा महिन्यांच्या आत एकाच किनाऱ्यावर.)

मग धाकटीला घेतलं ते ओशन बिल्डर्स नावाच्या मंडळींनी, सुमारे ९५ लाख डॉलरला. बिटकॉइनच्या नादातले लोक. बोटीचं नाव ‘सातोशी’, पनामाच्या आखातात कायमची उभी करायची, केबिन लिलावाने विकायच्या, क्रिप्टोवाल्यांचं तरंगतं गाव वसवायचं. डिसेंबर २०२० मध्ये, बोट पनामाला पोचण्याआधीच, योजना गुंडाळावी लागली. विमाच मिळेना. मग त्यांनी तीही भंगारात काढायचं ठरवलं, आणि इथं तिचं नशीब आड आलं : घातक कचऱ्याच्या ने-आणीसंबंधीच्या बाझल कराराच्या अटींमुळे तो सौदा जमला नाही. मोडता येईना, चालवता येईना, अशा अवस्थेत २०२१ मध्ये ती अँबॅसडर या नव्या ब्रिटिश कंपनीने घेतली. ही कंपनी काढणारी मंडळी कोण, तर बुडालेल्या सीएमव्हीतलीच. ज्यांना २०१९ मध्ये ती हवी होती, त्यांनाच ती दोन वर्षांनी, मधल्या एका खुळ्या मालकाच्या हातून, मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘अँबियन्स’ या नावाने ती लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून निघाली.

गटात इथं दोन तट पडले. एक तट म्हणाला, हे निव्वळ नशीब आहे, यात शिकण्यासारखं काय? करार आड आला नसता तर धाकटीही अलंगलाच होती. मी ते अर्धं मान्य करतो. पण दोघींमधला एक फरक नशिबाचा नाही. थोरली २०२० मध्ये कर्जबाजारी होती, धाकटी नव्हती. धाकटीचा मालक कितीही खुळा असला तरी त्याला थांबता आलं. थोरलीला थांबता येत नव्हतं, कारण रोजचा खर्च घेणेकऱ्यांच्या वाट्यातून जात होता आणि विकायची तारीख तिच्या हातात नव्हती.

दुसऱ्या तटाचा आक्षेप जास्त टोकदार होता. गोकुळ शिरगावच्या त्याच मुलाने विचारलं, “काका, मोठ्या घरात असती तर वाचली असती, असं तुम्ही म्हणताय. मग कार्निवलने स्वतःच्या बोटी का मोडल्या?” बरोबर आहे. कार्निवलची ‘फँटसी’ हीसुद्धा १९९० ची, आणि २०२० मध्ये ती तुर्कस्तानात अलियाला मोडायला गेली. कार्निवलने त्या एका वर्षात डझनाहून जास्त बोटी ताफ्यातून काढल्या. घर मोठं असलं म्हणजे म्हातारी बोट वाचतेच असं नाही. मोठं घर उलट तिला जास्त थंडपणे मोडतं. माझा दावा यापेक्षा लहान आहे. मोठ्या घरात बोट मोडली तर बोटच मोडते. एका बोटीच्या कंपनीत बोट मोडली की कंपनी, नोकऱ्या आणि प्रवाशांचं बुकिंग सगळं त्याच दिवशी संपतं. तिथं जोखीम कमी ठेवायला हवी होती, आणि ती कमी ठेवता आली असती : बोट विकत न घेता दोन मोसम भाड्याने घेऊन. कार्निवलला त्या वेळी गरज होती जागा रिकामी करण्याची, म्हणजे घासाघीस करायला वाव होता. तशी बोलणी झाली होती की नाही, त्यात मी जात नाही. आपण त्या खुर्चीत असतो तर आधी ती केली असती.

बाजारच नव्हता, हे तर म्हणताच येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये, ‘कर्णिका’ अलंगच्या चिखलात चढून महिनाही झाला नसेल, तेव्हा रॉयल कॅरिबियनने आपली ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ विकल्याचं जाहीर केलं. ती कुणाकडं गेली, तर मुंबईहून क्रूझ चालवायला निघालेल्या कॉर्डेलियाकडं. प्रमुख युर्गेन बैलोम, जे आधी जलेशचे प्रमुख होते. बोट १९९० चीच, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलेली, आकाराने ४८ हजार जीटीची, म्हणजे ‘कर्णिके’च्या दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२१ मध्ये ती मुंबईहून निघाली. तोच किनारा, तेच गोवा, तेवढ्याच वयाची बोट.

अण्णा म्हणाले, “बारकी घेतली, आन् पडलेल्या भावात घेतली. एवढंच की.” मुलगा म्हणाला, एवढंच नाही, पहिल्या खेपेला कुठला प्रवासी कशावर पैसे खर्च करतो हे त्यांना फुकटात कळलं होतं. फुकटात कसं, जलेशच्या घेणेकऱ्यांच्या खर्चात, असं मी म्हटलं. पुढच्या बैठकीला ज्याने त्याने आपापल्या सगळ्यात महागड्या जुन्या मशिनचे कागद घेऊन यायचं ठरलं आहे : विकणाऱ्याने ते का काढलं होतं, आणि आपल्याकडं त्याला दुसरं काम काय आहे, ही दोन उत्तरं कागदावर लिहून.